आयव्हर हॉगेनची उशिराची साक्ष

पार उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या बेथेल गावात आयव्हर हॉगेन ठाऊक नाही असं घर नव्हतं. निम्म्या घरांतली आजारी माणसं त्याने विमानातून दवाखान्यात पोचवली होती आणि उरलेल्या निम्म्यांत कुणाचा ना कुणाचा खटला लढवला होता. गावाबाहेर रस्ताच जात नाही, तेव्हा टपालापासून न्यायाधीशापर्यंत सगळं हवेतूनच येतं. आयव्हरने आधी पंधरा वर्षं टपालाची विमानं चालवली. मग पस्तिशीत दूर दक्षिणेकडच्या राज्यांत जाऊन कायदा शिकून आला. तेव्हापासून आठवड्याचे तीन दिवस विमान आणि तीन दिवस कोर्ट. रविवारी काय करतोस, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "वैमानिक आणि वकील यांचं भांडण मिटवतो."

मी ओलिंका, कोर्टात दुभाषी. आमच्या युपिक लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, बोलणं इंग्रजीत आणि कोर्टाचं युपिकमध्ये करते. खेड्यापाड्यांतल्या सुनावण्यांना मी आयव्हरच्याच विमानातून जायची, त्याच्या उजव्या हाताला बसून.

आमच्या गावातल्या वासिलीला विमान चालवायला शिकवलं ते आयव्हरनेच. आमच्यातले फार थोडे वैमानिक होतात, वासिली झाला. एका मार्चमध्ये नदीकाठच्या खेड्यातून टपाल घेऊन तो उडाला. काठावरच्या लोकांनी पाहिलं, की विमानाचं नाक एकाएकी सरळ आभाळाकडे गेलं, विमान क्षणभर टांगल्यासारखं राहिलं आणि नदीच्या बर्फावर पडलं. आत तो एकटाच होता.

त्याच्या बायकोने, मात्रोनाने, अँकरेज शहरातल्या, विमानं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपवर दावा लावला. वैमानिकाची सीट रुळांवर पुढेमागे सरकते आणि खाचेत अडकून बसते. त्या खाचा झिजल्या होत्या, वर्कशॉपने दुरुस्ती केल्याचं फक्त लिहून दिलं होतं, असं तिचं म्हणणं. उडताना सीट मागे गेली, हात सुकाणूवर होते, सुकाणू हातांबरोबर मागे आलं आणि नाक वर गेलं.

वर्कशॉपने वकील केला आयव्हरला. हा खटला का घेतलास, असं मी त्याला विमानात विचारलं होतं. तो म्हणाला, मी घेतला नसता तर दुसऱ्याने घेतला असता, आणि त्या दुसऱ्याला विमानातलं काही कळलं नसतं.

खटला अँकरेजला हलवण्यात आला. आमच्या गावची माणसं मात्रोनाच्या बाजूने झुकतील, हे कारण. निकाल देणाऱ्या ज्यूरीतल्या बारा जणांपैकी एकानेही कधी आमची नदी पाहिली नव्हती. आयव्हरने कोर्टात एक सीट आणून ठेवली. ती वासिलीच्या विमानातली नव्हती, वर्कशॉपने दिलेली कोरी होती. तो तिच्यावर बसला, पुढे सरकला आणि 'खट्' असा आवाज झाला. हा आवाज ऐकल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा वैमानिकाचा पहिला धडा, असं त्याने सांगितलं. मग ज्यूरीकडे वळून म्हणाला, "नऊ हजार तास मी या सीटवर काढलेत. एकदाही सरकली नाही."

मात्रोनाच्या वकिलाने उठून हरकत घेतली. वकिलाने साक्ष द्यायची नसते, म्हणून न्यायाधीशांनी ते वाक्य मनातून काढून टाकायला ज्यूरीला सांगितलं. ऐकलेलं असं कोण काढून टाकतं? मी मात्रोनाच्या शेजारी बसून सगळं तिच्या कानात आमच्या भाषेत सांगत होते. तेही सांगितलं. तुझा नवरा पहिला धडा विसरला, हे तिने माझ्या तोंडून ऐकलं.

ज्यूरीला दोन तासही लागले नाहीत. चूक वासिलीची ठरली.

त्यानंतर सहा वर्षं गेली. मात्रोना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. वासिली गेल्यावर चुलत घरात जन्मलेल्या मुलीला त्याचं युपिक नाव दिलं होतं. नावाबरोबर माणूस परततो असं आम्ही मानतो, म्हणून मात्रोना पहिली शिजलेली मासोळी त्या मुलीच्या ताटात वाढायची. आयव्हर दुकानात दिसला की ती दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राही.

सातव्या वर्षी फेब्रुवारीत समुद्राकडच्या एका गावात सुनावणी होती. मी नेहमीसारखी आयव्हरच्या शेजारी. चाकांऐवजी स्की लावलेलं विमान बर्फावरून धावलं आणि उचललं गेलं. घरांच्या छपरांच्या वर आलो तोच आयव्हर माझ्या शेजारून नाहीसा झाला. मान वळवून पाहते तर तो पार मागे, पाय अधांतरी आणि हात लांब करून सुकाणूला धरलेला. समोर नुसतं आभाळ. कसलासा भोंगा केकाटायला लागला.

त्याने हात सोडले. "ओलिंका, तुझ्यापुढचं ढकल! ढकल!"

माझ्या सीटपुढेही तसंच दुसरं सुकाणू होतं, ते मी दोन्ही हातांनी ढकललं. नाक खाली आलं. तो सीटच्या कडेला धरून सरपटत पुढे आला आणि समोरच्याच गोठलेल्या तळ्यावर विमान आदळत उतरवलं.

त्याने इंजिन बंद केलं. मग हातमोजा काढून रुळावर बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. गोल खाचा लांबट झाल्या होत्या. दुरुस्ती त्याच वर्कशॉपची होती.

"आवाज झाला होता," तो म्हणाला. "मी ऐकला होता."

मी म्हटलं, वासिलीनेही ऐकला असेल.

"वासिलीच्या शेजारी कुणी नव्हतं." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा सरकली होती. खूप वर्षांपूर्वी, जमिनीवर असताना, बोटभर. कोर्टात बोलताना आठवली होती मला."

मला त्याच्याबद्दल काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. थंडी नसती तर मी तिथून पायी निघाले असते.

दोन दिवसांनी तो मात्रोनाकडे गेला. भाषांतराला मला नेलं. मात्रोनाने दार उघडलं, चहा ठेवला, वाळवलेला सामन मासा पुढे केला. घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही एवढ्यापुरतंच ते होतं. आयव्हरने सगळं सांगितलं, ती बोटभर सरकलेली सीटही. मी तोंड उघडणार तोच मात्रोनाने हाताने थांबवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाली, "खोटं बारा माणसांना सांगितलंस. खरं सांगायला मी एकटी?"

त्याने त्याच आठवड्यात शपथपत्र लिहिलं. नऊ हजार तासांचं वाक्य खोटं होतं, असं त्यात स्वतःच्या सहीने कबूल केलं. कोर्टाने कळवलं, खटला पुन्हा उघडायची मुदत केव्हाच संपली. वर्कशॉपने तक्रार केली, की आपल्याच अशिलाविरुद्ध उलटला. कोर्टात खोटं बोलल्याची कबुली तर त्याच्याच सहीची होती. वकिलीची सनद तीन वर्षांसाठी गेली. विमा कंपनीने साठीच्या वैमानिकाला नकार दिला, म्हणून विमानही उभं राहिलं. तळ्यावरच्या प्रसंगाची चौकशी झाली तेव्हा वर्कशॉपचा नवा वकील आला, तरुण, चुणचुणीत. त्याने आयव्हरचंच जुनं भाषण काढून वाचलं: पहिला धडा, खट् असा आवाज, सगळं. झिजलेल्या रुळांबद्दल तो म्हणाला, इतकी वर्षं विमान वापरात आहे, रूळ केव्हा झिजले कोण सांगणार. मी साक्ष दिली. विमान चालवता येतं का, असं मला विचारलं. नाही म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही.

जूनमध्ये त्या चौकशीचा अहवाल आला. आयव्हर तो घेऊन शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेला. मीही होते. मात्रोना कढई घासत होती. हात पुसून तिने कागद पाहिला, परत त्याच्या हातात दिला आणि वाच म्हणाली.

तो कोर्टातल्या आवाजात वाचू लागला. सवयच ती. "वैमानिकाने उड्डाणापूर्वी सीट पक्की बसल्याची खात्री केली नाही..." वासिलीच्या अपघाताच्या अहवालातही शब्दाला शब्द हेच होतं. त्याने कागदाची घडी घालायला घेतली.

"पूर्ण वाच," मात्रोना म्हणाली.

तारीख, विमानाचा क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव, सगळं त्याने वाचलं. ती ऐकत उभी राहिली. मग आत मुलांच्या जेवणाची घंटा झाली आणि ती वाढायला गेली.