माजाला इंग्रजीत काय म्हणतात

साहेबांचं इंग्रजी चांगलं होतं, हे आधीच सांगते. नाहीतर लोक म्हणतील, बाईला येत नव्हतं म्हणून जळली. मला येतं. परभणीतल्या एका इंग्रजी शाळेत मी इंग्रजीच शिकवत होते आणि ते त्या शाळेचे संचालक होते. शिपायाला पाणीसुद्धा ते इंग्रजीत मागायचे. तो गोंधळला की यांना बरं वाटायचं. चेहऱ्यावर दिसायचं ते.

गेल्या हिवाळ्यात पालकसभा होती. पेडगावकडची माणसं कापसाची वेचणी सोडून, जीप करून आली होती. साहेब अर्धा तास इंग्रजीत बोलले. थांबले तसं लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं एवढंच त्यांना कळलं होतं. मग मागून एक बाई उठल्या. घरी मेंढरं, आणि मुलगी माझ्या वर्गात.

"साहेब, माझी पोरगी कशी शिकायलीय, तेवढं सांगा की."

साहेब पुढच्या रांगेतल्या डॉक्टर-वकिलांकडं बघून इंग्रजीत म्हणाले, असल्या घरांतून पोरं येतात, आम्ही तरी काय करणार. पुढची रांग हसली. बाईंना शब्द कळले नाहीत, हसणं मात्र कळलं. पदर सारखा करून त्या खाली बसायला लागल्या.

मी माइकपाशी गेले. "ताई, बसू नका. तुमची लेक लय हुशार हाय. निबंध चांगला लिहिती, व्याकरणात जरा चुकती. बाकीच्यांनीबी विचारा, आमी सांगतो."

"इन इंग्लिश, मॅडम," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

"सर, मला इंग्रजी शिकवायला ठेवलंय. माणसांना गप्प बसवायला न्हाई."

मग एकेक जण उठून विचारायला लागला. सभा दिवेलागणीपर्यंत चालली. साहेब केव्हाच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सगळ्या शिक्षकांसमोर माफी मागा म्हणाले, तीही इंग्रजीत.

मी म्हणाले, "सर, प्राइड, व्हॅनिटी, अ‍ॅरोगन्स, हे शब्द मी पोरांना फळ्यावर लिहून देते. कालच्या वागण्याला कोणता लावावा ते मला ठरवता येईना. आमच्याकडं एकच शब्द हाय. माज."

तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलले. "उद्यापासून येऊ नका."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी नवरा म्हणाला, जरा सबुरीनं घ्यायचं होतं. आता घरातल्या पुढच्या खोलीत शिकवणी घेते. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, इंग्रजी जीव लावून शिका, लय कामाची भाषा हाय. पण तिच्या जोरावर कुणाला हिणवलंत, तर माझ्या दारात पाय ठेवू नका.