खट् वाजेपर्यंत

आमच्या दाजींना साइटवर सगळे भागूबाई म्हणायचे आणि हे नाव मीच पाडलं होतं. मेहुण्याने दाजींची थट्टा करायची नाही तर कोणी करायची? दाजी कुत्र्याला घाबरत, लिफ्टला घाबरत. ताईने नुसतं "जरा इकडे या" म्हटलं तरी आपलं काय चुकलं ते आठवायला लागत. आणि असा माणूस पोटासाठी लोडर चालवत होता.

लोडर म्हणजे ते रस्त्यावरचं मोठं धूड नव्हे. आमचा छोटा लोडर, म्हणजे आमचा बुटका, दुकानाच्या शटरमधून आत शिरायचा. एका बाजूची चाकं पुढे, दुसरीकडची मागे, अशी फिरवून जागच्या जागी गिरकी घ्यायचा. बकेट लावली की राडारोडा भरायचा, ब्रेकर लावला की काँक्रीट फोडायचा. जिथे मोठं मशीन शिरत नाही तिथे बुटक्यावाचून आमचं पान हलत नसे.

खोट एकच. आत-बाहेर करायची वाट पुढूनच, बकेट उचलणाऱ्या दोन लोखंडी हातांच्या मधून. हात वर असताना उतरायला गेलात आणि पेडलला पाय लागला, तर हात खाली येतात आणि मध्ये तुम्ही असता. दाजींचे उस्ताद असेच गेले. दाजी तेव्हा समोर उभे होते.

म्हणून सीटपुढे एक दांडा असतो. तो वर केला की पेडलला कुलूप लागतं आणि खट् असा आवाज येतो. दाजी आधी बकेट जमिनीला टेकवत, इंजिन बंद करत, दांडा वर करत, कान देऊन तो खट् आवाज ऐकत आणि मगच उतरत. लघवीला घाईची लागली तरी हा सगळा सोहळा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

त्या आठवड्यात एका जुन्या इमारतीच्या तळघरात भिंती पाडायचं काम होतं. दाजी तापाने घरी होते, तेव्हा बदली ड्रायव्हर आला होता. त्याचं पोट सुटलेलं. दांडा पोटात रुततो म्हणून त्याने दांडा वर ठेवूनच मशीन चालवलं आणि त्यासाठी कुलपाचा खटका तारेने आवळून टाकला. जाताना तार सोडायची राहिली. दाजी परत आले त्या सकाळी पहिल्याच खेपेपर्यंत हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दाजींनी भरलेली बकेट ट्रॉलीत ओतायला वर उचलली होती. मी पहार घेऊन बाजूलाच होतो. तेवढ्यात छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा सुटला. डोकं वाचवायला मी जवळच्या आडोशाला घुसलो, आणि तो आडोसा म्हणजे वर उचललेली बकेट. पाय सळ्यांच्या गुंत्यात गेला आणि अडकला.

धूळ बसली तेव्हा दाजींनी इंजिन बंद केलं होतं. चेहरा पिठासारखा पांढरा. विटेचा एक तुकडा उडून त्यांच्या बुटाखाली, पेडलवर रुतला होता. पाय जरा हलला तरी पेडल दबणार होतं. त्यांनी हलक्या हाताने दांडा वर केला. आम्ही दोघांनी कान दिला.

काहीच वाजलं नाही.

"कुलूप लागत नाहीये," दाजी म्हणाले. "कोणी जवळ येऊ नका."

माझ्याकडे धावत येणारा मुकादम जागीच थिजला. मी वर पाहिलं. बकेटच्या तळाला चिकटलेली ओली माती माझ्या कपाळावर पडत होती. मला रडू येत होतं आणि रडायचीही भीती वाटत होती. दाजींचा गुडघा थरथरायला लागलेला मला दिसत होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"बूट तिथेच सोड," ते म्हणाले. "नाडी सोडव. घाई करू नकोस, पण लवकर कर. माझा पाय बधिर होतोय."

"गाठ सुटत नाही, दाजी."

"सुटेल. मलाही भीती वाटतेय. तू नुसता गाठीकडे बघ."

शेवटी गाठ दातांनी ओढली. पाय बुटातून निसटला, सालटं निघालं, आणि मी रांगत बाहेर पडलो. दाजींनी मी भिंतीला टेकेपर्यंत वाट पाहिली. मग आवरून धरलेला पाय सोडला, तसं पेडल दबलं. बकेट धाडकन खाली आली आणि तळघर हादरलं. माझा बूट तिच्याखाली होता.

दाजी काही उतरेनात. बकेटवरून चढून मी आत गेलो आणि त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. खटक्याला आवळलेली तार आता त्यांना दिसली होती. म्हणाले, आधी तार काढ. मी तार काढली, दांडा खाली घेऊन पुन्हा वर केला आणि खट् असं वाजलं. तेव्हा कुठे ते माझ्या खांद्याला धरून उतरले आणि त्याच ढिगाऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. घरी ताईने माझ्या एका पायात बूट का नाही ते विचारलं, तेव्हा दाजींनी तो हरवल्याचं सांगितलं. माझ्या वेंधळेपणावर ताईने मला भरपूर झापलं. मी ऐकून घेतलं.

आता दाजी मशीन थांबवतात तेव्हा मी कुठेही असलो तरी हातातली थापी थांबते. ते दांडा वर करतात आणि धुळीतून मला हाक मारतात, "ऐकलंस?"

"ऐकलं, दाजी."

मग ते उतरतात.