हुंदक्याची जागा

माझा स्वभाव चिडका आहे, हे अख्ख्या दारव्ह्याला माहीत आहे. शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून मी निवृत्त झाले, तरी कोणी बेसूर गायलं की अजून कपाळाला आठी पडते. पण आता माझ्या घरच्या बैठकीत गाणं शिकायला बसतात त्या बायका हौसेनं आलेल्या असतात. कोणी भजनी मंडळातली, कोणी सोयाबीनची सोंगणी आटोपून आलेली. एकदा एकीला मी म्हटलं, "काय व, गाऊन राह्यली का कोंबड्या हाकलून राह्यली?" ती हसली. पुढच्या आठवड्यात मात्र आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला फार लागलं ते. तेव्हापासून मी जिभेला नियम घातला आहे. आधी एक चांगलं सांगायचं, तेही खरं असेल तेच. मग एकच चूक दाखवायची, आणि ती कशी सुधारायची ते स्वतः गाऊन दाखवायचं. बाकीच्या चुका त्या दिवसापुरत्या गिळून टाकायच्या. गिळताना जीव जातो, पण गिळते.

उपाय माझे घरगुतीच. गळ्यातून ओरडणारीला सतरंजीवर उताणी झोपवते आणि तिच्या पोटावर किलोभर तुरीच्या डाळीची पिशवी ठेवते. श्वास घेतला की पिशवी वर आली पाहिजे, खांदे नाही. वरच्या सुरासाठी मान ताणणारीला मी नकारार्थी मान हलवत हलवत गायला लावते. सगळ्या खिदळतात, पण गळा मोकळा होतो.

एका बाजाराच्या दिवशी एक मुलगी जीपमधून उतरून थेट दारात आली. जवळच्याच बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, यवतमाळला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती.

"मॅडम, महिनाभरानं लगन हाये माह्यं. मले ढावलो शिकाचा हाये."

तांड्यावर नवरी सासरी निघते तेव्हा आई, बाप, भाऊ, एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. तोच ढावलो; मोठ्या बायकाही तिच्या गळ्यात पडून तसाच गातात. मी दोन-तीन लग्नांत लांबून ऐकला होता, बस.

"अव पोरी, थो तर याडीपाशी शिकाचा असते. माह्याकडं काहून आली?"

तिनं मान खाली घातली. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, तांड्यातल्या साऱ्या पोरींना ढावलो शिकवला होता. ही तेवढी राहिली, लहानपणापासून वसतिगृहात होती म्हणून. आणि मागच्या वर्षी याडीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिच्या तोंडून नुसती हवा येते.

"आता पोरी डीजेवर नाचत निघते, मॅडम. पन मी याडीच्या गळ्यात पडीन अन् मुकीच निघून जाऊ काय?"

सतरंजी पुढं सरकवत मी म्हटलं, बस.

तिच्या मोबाइलमध्ये याडीचा जुना आवाज होता, कोणाच्या तरी लग्नात पोरीनं स्वतः भरून घेतलेला. आम्ही तो शंभरदा ऐकला. शब्द त्यांच्या गोरबोलीतले, ते मुलगी मला समजावून सांगायची. काय आवाज होता त्या बाईचा! रुंद, भरलेला, जरा खरखरीत. फक्त एक गोष्ट मला खटकली. ओळ अर्ध्यात आली की आवाज तुटायचा, एक हुंदका यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि उरलेली ओळ नंतर. मला वाटलं, बाईचा दम कमी पडतो आहे. गळा तेव्हाच दुखत असेल बिचारीचा.

म्हणून मी मुलीला सांगितलं, "तुह्या आवाजाले गोडवा हाये, थो याडीचाच हाये. पन अर्ध्यात तुटू नको. सारी वळ एका दमात म्हन."

झालं, डाळीची पिशवी निघाली. पोरगी मेहनती. यवतमाळहून सुटी घेऊन घेऊन यायची, एसटीत बसून मनातल्या मनात श्वास मोजायची. तिसऱ्या आठवड्यात अख्खी ओळ तिनं एका श्वासात, कुठंही न डगमगता म्हटली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. "वा व पोरी! जिंकलं!" मी स्वतःवरच इतकी खूश होते की त्या दिवशी दुसऱ्या कोणाची चूकच काढली नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना ती पुन्हा आली, या वेळी याडीला घेऊन. मुलीचे डोळे सुजलेले. याडी उंच, गळ्याशी पदर घट्ट धरलेला. मी चहा ठेवायला उठले तर तिनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली. मला कळेना, म्हणून मुलगीच खाली मान घालून सांगू लागली.

"याडी म्हनते, लय छान शिकवलं. पन हे गानं झालं, ढावलो नाही."

"म्हंजे?"

याडीनं मोबाइल मागून घेतला, स्वतःचा आवाज लावला आणि जिथं तो तुटतो तिथं बोट वर केलं. माझ्या तोंडापुढं. त्या मोकळ्या जागेत मी पहिल्यांदाच नीट कान दिला. तिथं मागून बारीकसं कोणीतरी रडत होतं. ज्या पोरीच्या गळ्यात पडून याडी गात होती, तिचं रडणं.

"याडी म्हनते, थे जागा समोरच्याची हाये. आपन थांबाचं, मंग त्यानं रडाचं. त्याचं रडनं झाल्याबिगर पुढं जाचं नाही. तुमी थे जागाच भरून टाकली, मॅडम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंभर वेळा ऐकलं होतं मी ते! दुसऱ्यांचे सूर तपासणारी मी, एवढं समोरचं रडणं माझ्या कानात शिरलं नाही. मी याडीचे हात धरले आणि म्हटलं, "चुकलं माह्यं, बाई." ती हसली. मग आम्ही दोघींनी मिळून पोरीला थांबायला शिकवलं. ओळ कुठं सोडायची ते याडी बोटानं दाखवायची, सोडलेला सूर पुन्हा नेमका कसा पकडायचा ते मी सांगायची. ओळ तोडायला शिकवणं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

लग्नात डीजे होताच. पण निघायच्या वेळेला, भर दुपारी, मुलीनं तो बंद करायला लावला. बापाच्या गळ्यात पडली, भावाच्या पडली. आवाज स्वच्छ, पोटातून. शेवटी याडी. पोरीनं अर्धी ओळ म्हटली, आवाज तुटला आणि ती थांबली.

याडीनं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. नुसता श्वास आत-बाहेर होत राहिला, खांदे हलत राहिले. मी मनात मात्रा मोजायला लागले, जुनी खोड. आठ झाल्या, सोळा झाल्या, मग मोजणं सोडून दिलं. पोरगी याडीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या श्वासाची वाट पाहत राहिली. तो शांत झाला, तेव्हाच तिनं उरलेली ओळ उचलली, अगदी त्याच सुरात.

मी डोळे पुसते आहे तोच ती माझ्याकडे वळली. माझ्या गळ्यात पडली, गोरबोलीत गाऊ लागली. शब्दांत 'मॅडम' होतं, एवढं कळलं. मग ती थांबली. माझ्यासाठी.

मी तोंड उघडलं आणि जो काही आवाज निघाला, तसा माझ्याकडे एखादीनं काढला असता तर मी तिला घरी पाठवलं असतं. पोरीनं माझं सगळं रडणं होऊ दिलं. मग उरलेली ओळ घेतली.