माती दिलेल्यांच्या सह्या

जेनी आणि आशिष,

तुमच्या बाबांनी परवा फोनवर सांगितलं की माझं तिकीट काढायचं ठरलंय. घर विकायचं आणि मी कायमचं तुमच्याकडे यायचं. तुम्ही माझ्यासाठी खोलीसुद्धा रिकामी केलीत म्हणे. आजोबांच्या कबरीवरून गावात 'थोडा गैरसमज झाला होता', एवढंच बाबांनी तुम्हाला सांगितलंय. गैरसमज नव्हता. काय होतं ते आज लिहिते, म्हणजे मी का येत नाही हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागणार नाही.

आजोबांना माती देऊन अकरा दिवस झाले होते. सकाळी चार जण ओसरीवर आले. गंगाधर पुढे. तो गावचा उपसरपंच, खत-बियाण्याचं दुकान चालवतो. सहावी ते दहावी माझ्याकडेच इंग्रजी शिकला. आल्या आल्या आजोबांच्या खुर्चीवर बसला. मी चहा टाकला. होय, मी त्यांना चहा दिला.

"बाई, येक दरखास लिवून द्या."

आपल्या गावात अर्जाला अजून दरखासच म्हणतात. गाव तेलुगू मुलखात, तालुक्याच्या मंडल ऑफिसात मराठी चालत नाही, म्हणून चाळीस वर्षं गावाचे सगळे अर्ज मीच तेलुगूत नाहीतर इंग्रजीत लिहीत आले. रेशनकार्ड, जमिनीचा उतारा, पेन्शन, भांडण, सगळं. माझा हात सवयीने पेनाकडे गेला. मी विचारलं, "कशाबद्दल?"

"मिस्त्रीची कबर. थे तेथून काढाची हाय."

मिस्त्री म्हणजे तुमचे आजोबा. हातपंप दुरुस्त करायचे, म्हणून गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं.

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. गंगाधर समजावून सांगायला लागला, जशी मी त्याला कधी क्रियापदं समजावली होती. "तुमच्याबद्दल काई नाई, बाई. पन तेथं क्रूस उभा केला तुमी. गावात लोकं बोलून राह्यले. जागा बाटली मनते. इंग्रजीत लिवा, सायबावर छाप पडते."

मागे एक तरणा पोरगा उभा होता, दाढी कोरलेला. तो म्हणाला, "बाई, तुमचा येशू तर तिसऱ्या दिवशी उठून गेला मनते. मिस्त्रीले अकरा दिवस झाले. काऊन उठून नाई राह्यले?"

सगळे हसले. गंगाधर हसला. म्हातारे मारोतराव, आजोबांचे पत्त्यांचे सोबती, तेही हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. पण आधी हसले.

पोरांनो, हे लक्षात ठेवा. हेच लोक अकरा दिवसांपूर्वी मातीला आले होते. आपल्याकडे मातीला आलेला प्रत्येक माणूस खड्ड्यात मूठभर माती टाकतो. ती मूठ म्हणजे शब्द असतो, की हा आमचा होता. नाल्यापलीकडच्या जागेत एका अंगाला जाळतात, एका अंगाला पुरतात. पुरणारे चार-पाच जातींचे आहेत. कोणी कधी विचारलं नाही. गंगाधरने माती टाकली होती. मारोतराव तर रडले होते. आता त्याच हातांना ती माती उकरून हवी होती, आणि ते लिहायलाही त्यांना मीच हवी होते. मेलेल्याची बायको. कारण बाईंसारखं कोणी लिहीत नाही.

पेन हातात होतं. टाकून दिलं नाही. का नाही टाकलं, ते सांगते.

त्या क्षणी मला माझे जुने अर्ज आठवले. एकाने आईला घराबाहेर काढलं होतं. मी लिहिलं, 'माता स्वेच्छेने अन्यत्र राहते'. एकाने सुनेचा हात मोडला होता. मी लिहिलं, 'किरकोळ कौटुंबिक वाद'. लोक बोलायचे घाण, मी लिहायची स्वच्छ. माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. मला वाटायचं ही सेवा आहे. दर रविवारी उपासनेला बसायची आणि देशाचं कसं होणार म्हणून उसासे टाकायची. देश कुठे दूर दिल्लीत बिघडत नव्हता. माझ्या ओसरीवर बिघडत होता, माझ्या पेनाने, नम्र विनंती करत. न्याय आधी देवाच्या घरापासून सुरू होतो असं आपल्याला शिकवलंय. त्या दिवशी तो माझ्या घरात आला.

मी म्हणाले, "लिहिते. पण तुम्ही बोलाल तेवढंच. माझा एक शब्द घालणार नाही. बोला."

"तुमाले माईतच हाय, बाई."

"मला काही माहीत नाही. मी विचारते, तुम्ही सांगा. मातीला आला होतात?"

"आल्तो."

"माती टाकलीत?"

"टाकली ना."

"त्यांनी कधी कोणाचं काही वाईट केलं?"

गंगाधर वैतागला. "नाई हो. मानूस चांगला होता. तीस वर्सं आमचे हातपंप दुरुस्त केले. थे कोन नाई मनत?"

"मग काढायचं कशासाठी?"

"क्रूसासाठी. ख्रिस्ती होता ना थो. उकरून गावाबाहेर न्या मना."

मी तसंच इंग्रजीत उतरवलं. मग मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही या माणसाच्या मातीला गेलो. आम्ही त्याला आपल्या हाताने माती दिली. तीस वर्षं त्याने आमचे हातपंप दुरुस्त केले. त्याच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. तो ख्रिस्ती होता, म्हणून त्याचं प्रेत उकरून गावाबाहेर न्यावं.

वाचून मी थांबले. खरं सांगते, मी वाट पाहत होते. मला वाटलं, आपलंच बोलणं असं उघडं ऐकून एकाची तरी मान खाली जाईल. कोणीतरी म्हणेल, राहू द्या बाई, फाडून टाका.

गंगाधर म्हणाला, "लय झकास. सया कुटं कराच्या?"

लहानपणी मला वाटायचं, देवाचा कोप म्हणजे आभाळातून पडणारी आग. तसं नसतं. देव आधी लाज काढून घेतो. माणसं हसत असतात, चहा पीत असतात, सही कुठे करू विचारत असतात, आणि निकाल लागून गेलेला असतो.

त्यांनी कागद गावात फिरवला. संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली. मारोतरावांचा अंगठा सगळ्यात वर. मग गंगाधर परत आला. "आता खाली तुमी सई करा, बाई. राजीखुशीनं काढून राह्यलो मनून. मंग काई अडचन नाई."

मी पेनाचं टोपण लावलं.

"करणार नाही."

"बाई, समजून घ्या."

"चाळीस वर्षं समजूनच घेतलं. मी जिवंत आहे तोवर त्या मातीला हात लावायचा नाही. आणि आजपासून या गावाचं एक खोटं अक्षर लिहिणार नाही. ऊठ त्या खुर्चीवरून."

तो उठला. म्हणाला, "एकटी बाई हाय तुमी. पाहू किती दिवस."

मंडल ऑफिसात मीही गेले, त्यांच्याच मागच्या ऑटोने. तिथल्या तहसीलदार मॅडम तेलुगू. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. भरल्या ऑफिसात हिंदीत विचारलं, "हे तुम्ही लिहून घेतलं?" गंगाधर म्हणाला, "जी मॅडम." "वाचून दाखवलं होतं?" "जी." मॅडमनी कागद उलटा ठेवला. रागावल्या नाहीत. न्यायही दिला नाही. एवढंच म्हणाल्या, की बायको इथे राहते आणि तिची संमती नाही, तेव्हा कोर्टाच्या हुकमाशिवाय काही होणार नाही.

बायको इथे राहते. आलं ना ध्यानात?

महिन्याभरात कोणीतरी क्रूस फोडला. कोणी, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. मी दुसरा बसवला. तोही फोडला. मी तिसरा बसवला. गवंडी आता मला बघितलं की सिमेंट भिजवायलाच घेतो.

चर्चचे पाळक आले होते. म्हणाले, "आई, शत्रूंसाठी प्रार्थना करा." मी म्हणाले, "करते की. नावं घेऊन करते." दर रविवारी बावीस नावं मी देवापुढे वाचते. एकही गाळत नाही. त्यांचं भलं कर असं मी म्हणत नाही, कारण देवापुढे खोटं बोलायचं नाही हे मी उशिरा का होईना शिकले. मी म्हणते, प्रभू, यांना लवकर मारू नकोस. लांब म्हातारपण दे. लाज परत दे. यांच्या नातवंडांना वाचायला शिकव आणि तो कागद त्यांच्या हाती पडू दे. त्यांना मांडीवर बसून विचारू दे, आजोबा, हा अंगठा तुमचाच का? आणि यांना उत्तर देता येऊ नये. सूड देवाचा आहे, माणसाचा नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी त्याला आठवण करून देते. दर आठवड्याला.

आणि या देशासाठीही मी तेच मागते. जो देश मेलेल्या माणसाच्या अंगावरची माती परत मागतो, त्याला माफी नको, आधी निकाल हवा. माफीचं नंतर बघू.

मागच्या आठवड्यात गंगाधर दाराशी उभा होता. दुकानाच्या लायसनसाठी अर्ज हवा होता. "झालं गेलं, बाई," म्हणाला. मी म्हटलं, "लिहिते. पहिलं वाक्य मी सांगते ते. मी ज्याला माती दिली त्याला उकरायला निघालो होतो. कबूल?" तो चपला घालून गेला. तुमच्या बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आई, सोडून दे आता." सोडायला ते माझं नाही. ते आजोबांचं आहे, आणि देवाचं.

तेव्हा तिकीट काढू नका. ती खोली तुमच्या अभ्यासाला घ्या. मी इथून हलले तर आठ दिवसांत तिथे फावडं लागेल. मी मेले की मलाही तिथेच, त्यांच्या शेजारी पुरा. बाबांना सांगून ठेवा, त्या दिवशी कोणाला बोलावू नका. जो येईल त्याने माती टाकायच्या आधी तुमच्या बाबांना स्वतःचं नाव सांगावं. ते लिहून घ्या.

तिसरा क्रूसही तुटलेला आहे. चौथा सोमवारी बसेल. गावात आता आम्ही पाचच घरं ख्रिस्ती आहोत, रविवारी नऊ माणसं जमतात. कबर जागेवर आहे.

तुमची आजी