आत्याचं बोट

जालना जिल्ह्यात सगळ्यात हुशार बोट कुणाचं, अशी स्पर्धा कधी भरलीच तर बाकीच्यांनी नावंसुद्धा देऊ नयेत. बक्षीस आमच्या आत्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मिळणार, हे ठरलेलं आहे. लोक बोटाने वाट दाखवतात, दुसऱ्याची चूक दाखवतात. आमची आत्या बोटाने जंतू ओळखते. हसू नका. माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, असेच हसायचे आणि तरी तिने बोट फिरवल्याशिवाय माठातलं पाणी प्यायचे नाहीत. आत्याचं घर भोकरदनला, पण सगळी नोकरी जालन्यातल्या एका कॉलेजात, जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. काम म्हणाल तर काचेची भांडी धुण्याचं. पण ते सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची की प्राचार्यांनी बघून घ्यावं. म्हणायची, "पोरं जंतू वाढवायची, मी संपवायची. सांगा, मोठं काम कुणाचं?"

कुणाच्याही घरी गेली की ती आधी पाटावर बसत नाही, मुलाबाळांची चौकशी करत नाही. तडक स्वयंपाकघरात. माठाचा तळ, कुकरची रिंग, मिक्सरचं झाकण, पोरांच्या शाळेच्या बाटलीचं बूच, सगळीकडे बोट फिरवायचं, अंगठ्यावर चोळायचं आणि डोळे मिटायचे. मग निकाल. निकाल दोनच, "चालतंय" किंवा "बुळबुळ हाये". दुसरा निकाल लागला की त्या घरची सून महिनाभर माहेरी सांगत सुटायची. एकदा भोकरदनच्या स्टँडवर चहावाल्याच्या पाण्याच्या जगमध्ये तिने बोट घातलं. तो बिचारा म्हणाला, "मावशी, सकाळीच धुतलाय की!" आत्या म्हणाली, "धुतला न्हाई, आंघोळ घातली. घासला का? पाण्यानं सुटे जंतू जातेत. हे चिकटून बसलेले, वरून चिकाचं छप्पर घालून राह्यले. आत शंभर जातीचे हायेत, पन भांडान न्हाई तंटा न्हाई, तुमच्या गल्लीपेक्षा बरे! त्या छपरातून ना साबण आत जात, ना औषध. खरवडल्याबिगर घर खाली करत न्हाईत ते." आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी हातातले कप खाली ठेवले. तेव्हापासून ती एसटीतून उतरताना दिसली की चहावाला आधी जग घासायला घेतो, गॅस नंतर पेटवतो.

तिचा दुसरा राग अर्धवट गोळ्यांवर. आमच्याकडे रीतच आहे. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की दोन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या जातात देवाच्या फोटोमागे. मग शेजारणीचं पोट बिघडलं की, "घ्या हो, मला ह्याच्यानंच फरक पडला." कोंबड्या मलूल दिसल्या की त्यांच्या पाण्यातही तीच. आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, "अर्धा मारलेला साप डूख धरतो, हे बराबर ठावं हाये तुम्हाला. मंग जंतू काय बावळट हायेत? जो वाचतो तो औषध वळखून ठिवतो, अन् शेजारच्या जंतूलाबी शिकवतो. त्या बुळबुळीत बसून शाळा भरती त्यांची!" शेवटी तिने उपाय काढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून वाटी देतात, चमचा देतात. आत्याने बाटली घासायचे ब्रश लुटले! तिळगूळ हातावर ठेवायची, ब्रश द्यायची आणि म्हणायची, "आता घरी जाऊन फोटोमागचं आण." बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण पुढच्या संक्रांतीला पदराच्या गाठीत गोळ्या बांधूनच आल्या. सगळ्या गोळ्यांचा डबा आत्या दवाखान्यात नेऊन देते. तालुक्यात तिला आता सगळे बुळबुळ आत्या म्हणतात, आणि ती त्या नावाला ओ देते.

एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी तिचा अपमान केला. धावड्याला माझ्या लेकीचं लग्न होतं. व्याही तालेवार, त्यात मानापानाचे भारी हळवे. मी सकाळीच आत्याला हात जोडले होते, "आत्या, आजच्या दिवस बोट आवर." ती बरं म्हणाली. पहिली पंगत बसली, पानं वाढून झाली, आणि आता मठ्ठा फिरवायचा तर आत्या मठ्ठ्याच्या निळ्या ड्रमापाशी उभी. तोटीत बोट घातलेलं. अंगठ्यावर चोळलं. परत घातलं, परत चोळलं. डोळे मिटले ते उघडेचनात. आणि एकदम ओरडली, "मठ्ठा वाढू नका!" आचारी धावेपर्यंत तिने ड्रम आडवा केलासुद्धा. मांडवात मठ्ठ्याचा ओढा वाहिला आणि नेमका व्याह्यांच्या नव्या जोड्यांत शिरला. व्याही पानावरून उठले. मुंडावळ्यांतल्या माझ्या लेकीचे डोळे भरून आले. ते बघून माझं डोकं फिरलं. सगळ्या मांडवासमोर मी ओरडलो, "आत्या, इथून पुढं माझ्या घरात बोट घालायचं न्हाई!" आत्याने हात धुतला आणि न जेवता भोकरदनच्या गाडीत बसली. व्याह्यांचे पाय धरून आम्ही पंगत परत बसवली. कोणी आजारी पडलं नाही, आणि मी गाढव, तोच माझा विजय समजत राहिलो. न झालेल्या जुलाबाचा पुरावा आणायचा तरी कुठून?

पुरावा आठ दिवसांनी आचारीच घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती ड्रमाची तोटी होती. मान खाली घालून म्हणाला, "गळायली म्हणून खोलली, तर आतून शेंबडावानी गोळा निघाला. ड्रम दर लग्नाला घासतो हो, पण तोटी कधी खोललीच न्हाई. आत्याबाईला दाखवा."

मी तसाच भोकरदनला गेलो. वाटेत पाठ करून ठेवलेली माफी तिला बघून विसरलो आणि तोटी नुसती तिच्यापुढे ठेवली. आत्याने बोट घातलं, चोळलं, डोळे मिटले. मग तिने हात मांडीवर ठेवला.

"कळंना रे राजा," ती म्हणाली. "शुगरनं बोटाचे शेंडे बधिर झालेत. वर्ष झालं, कुणाला सांगितलं न्हाई."

"मग लग्नात कसं कळलं?"

"कळलं कुठं? दोनदा चोळलं, बिलकुल कळलं न्हाई. मंग म्हणलं, आपल्याला कळंना, अन् एवढं माणूस जेवायला बसलंय, त्यात लेकरं, गरभार बाया. व्याही रुसला तर मनवता येतो. आतड्यात बसलेला जंतू, ज्याला कुठलं औषधच लागू होत न्हाई, त्याला कोन मनवनार?"

मला रडूच आलं. तिला खात्री नव्हती, आणि तरी भर मांडवात तिने सगळी अब्रू त्या ड्रमासोबत ओतून दिली होती. मी तिचं बोट हातात घेतलं. जन्मभर साबणात राहून ते पांढुरकं पडलं होतं. मग मी माझं बोट तोटीत घातलं आणि अंगठ्यावर चोळलं. आत्या निकालाला आलेल्या पोरीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हाये का?"

"हाये आत्या. लई बुळबुळ हाये."

"बघ!" ती टाळी वाजवून म्हणाली आणि आतल्या खोलीत मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हाक मारली, "ऐकलं का हो? हाये म्हणतो!"

आता ती कुणाकडे जायचं म्हटलं की मला फोन करते, आणि मी हातातलं काम टाकून जातो. माझ्या लेकीच्या सासरीसुद्धा आम्ही दोघं जाऊन आलो. व्याह्यांनी स्वतः माठ पुढे केला. उंबऱ्यात उभी राहून आत्या माझी ओळख करून देते. आधी म्हणते, "हा माझा भाचा." मग माझ्या पाठीवर हात ठेवते आणि सांगते, "माझं बोट."