भाऊजींची तीन मिनिटं

माझ्या धाकट्या दिरांइतकं लांबण लावून बोलणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची, हा त्यांचा धर्म. खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर खोकल्याचं मूळ थेट पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात निघालं. तेव्हा आजोबा रझाकारांच्या भीतीनं दौलताबादकडच्या सीताफळाच्या बनात लपले, दवात झोपले आणि छातीची तक्रार घराण्यात आली. डॉक्टरांनी मधल्या वेळात बाकीचे पेशंट तपासून घेतले. औरंगपुऱ्यात माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे, दुपारी भाऊजी गप्पा मारायला तिथंच असायचे. तिथून हर्सूलला घरी जाताना एकदा रिक्षावाला त्यांना म्हणाला, "चाचा, हर्सूल आ गया. बाकी का कल सुनाना." दुसऱ्या दिवशी तो पुढचं ऐकायला खरोखरच दुकानासमोर येऊन उभा. लग्न मात्र राहून गेलं. मुलीच्या वडलांनी "आपण काय करता?" असं विचारलं आणि भाऊजींचं उत्तर संपेपर्यंत मुलीचं दुसरीकडे ठरलं, असं आमचे यजमान सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. फार नाही.

अशा माणसानं पन्नाशीत एक यंत्र केलं. सीताफळाचा गर बियांपासून वेगळा करायचं, टेबलावर मावेल एवढं. बी फुटलं तर गर कडवटतो; यांच्या यंत्रातून बी अख्खं बाहेर पडायचं. गावोगावच्या बचत गटातल्या बायकांना ते परवडलं असतं, पण अशी यंत्रं बनवायला भांडवल हवं होतं. याआधी दोन धंदे बुडाले होते. त्यामुळे यजमानांनी सांगून टाकलं, "हे शेवटचं. नाही जमलं तर अजिंठ्याजवळ फर्दापूरला मामांच्या लॉजवर मॅनेजर म्हणून जायचं." भाऊजी "बरं दादा" म्हणाले. एवढं छोटं उत्तर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून ते यंत्र रोज सकाळी पुसून, वर जुनी चादर घालून ठेवू लागले.

तेवढ्यात शहरात गुंतवणूकदार येणार असल्याचं कळलं. नवा धंदा काढणाऱ्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून तीन मिनिटांत आपली कल्पना सांगायची. त्याला पिच म्हणतात. भाऊजींना तीन मिनिटं खोकायला लागतात. शिकवणी अर्थातच माझ्याकडे आली. मी गॅसवर कुकर चढवला आणि म्हटलं, "शिट्टी व्हायच्या आत संपवायचं. हं, करा सुरू."

"नमस्कार. जेवण झालं का?"

"त्यांना जेवणाचं विचारायचं नाही."

"का बरं? उपाशी माणूस पैसे कशाला देईल?"

"पुढे बोला."

"तर झालं असं, पोलीस अ‍ॅक्शनच्या टायमाला आमचे आजोबा सीताफळाच्या बनात..."

"आजोबा काढा."

"वहिनी, आजोबाच काढले तर मी कुठून आलो?"

"तुम्ही यंत्र विकताय, वंशावळ नाही."

शिट्टी झाली तेव्हा आजोबा बनातच होते.

पंधरवडाभर आमच्याकडे वरणभात गिचका झाला, पण मी हटले नाही. रोज काहीतरी छाटत गेले. आधी आजोबा गेले, मग हवामान, मग यंत्राचे नट-बोल्ट आणणारा शहागंजातला मित्र आणि त्याच्या मुलीचं बाळंतपण. शेवटी अडचण काय, यंत्र काय करतं, घेणार कोण आणि पैसे किती हवेत, एवढंच उरलं. "लई उघडं वाटतंय वहिनी," भाऊजी म्हणाले. "अंगावर कापडं नसल्यागत." मी म्हटलं, "सवय होईल."

पिचच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे राहिले आणि एकदाही न अडखळता बोलले. वेळ शिल्लक राहिला. समोरच्या गुंतवणूकदार बाई समजूतदार होत्या. त्यांनी विचारलं, "अजून काही सांगायचंय का, काका?" भाऊजींनी मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. आजोबा अगदी ओठांपर्यंत आले होते. मी नकारार्थी मान हलवली. "नाय मॅडम," ते म्हणाले आणि खाली बसले.

पैसे मिळाले. फर्दापूर टळलं. पुण्याजवळ एक शेड भाड्यानं घेतली, यंत्रं निघू लागली, भाऊजी तिकडेच राहायला गेले. शिकवणी उत्तम झाली, याबद्दल मला आजही शंका नाही. दुकानातली कामंही आता पटापट उरकतात. दुपारी हातात काही राहत नाही, मग मी मशीनची स्वच्छ काच पुन्हा पुसत बसते.

रविवारी त्यांचा फोन येतो. "तब्येत चांगली हाये. काम जोरात. डबा बरा मिळतो." झालं. पाऊस कसा आहे, शेडचा मालक कसा आहे, शेजारी कोण आहे, मी एकेक विचारते आणि ते एकेका शब्दात उत्तर देतात. गेल्या रविवारी मात्र बोलता बोलता म्हणाले, "परवा इथं एक गंमत झाली वहिनी..." आणि थांबले. "जाऊ द्या. दुकानात गिऱ्हाईक असंल. ठेवतो."

समोर दोन पोरं आधार कार्डं हातात धरून उभी होती. त्यांच्यामागे एक बाई फोटोसाठी पदर नीट करत होत्या.

"कुणी नाहीये, भाऊजी," मी म्हणाले. "बोला तुम्ही."