चार्ज न दिलेली फाटकवाली

तोर्रेसेका गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की प्राक्सेदेस लुके ही बाई आडमुठी आहे. खरंच आहे ते. पण आडमुठेपणालाही काही आधार लागतो, आणि तिचा आधार निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत लिहिलेला होता.

बावीस वर्षांची असताना रेल्वेनं तिला बोगद्याच्या तोंडाशी फाटकवाली म्हणून ठेवलं. राहायला दोन खोल्यांचं दगडी घर, दारात अंजिराचं झाड, आणि कामाला एक लाल झेंडा, एक शिंग, एक साखळी. ऑलिव्हच्या टेकड्यांतून तेलाची गाडी यायची. पलीकडच्या स्टेशनातून फोन यायचा, "सुटली," की ती साखळी लावायची आणि गाडी बाहेर पडेपर्यंत झेंडा गुंडाळून उभी राहायची. पाळी संपली की वहीत लिहायचं, आत किती गेल्या, बाहेर किती आल्या, आणि झेंडा बदलीच्या माणसाच्या हातात द्यायचा. हातातच. भिंतीला टेकवून घरी गेलं तर नोकरी गेली म्हणून समजा. आणखी एक नियम होता, फाटकवालीनं बोगद्यात पाऊल टाकायचं नाही. तिनं तो इतका पाळला की समोरच्या त्या काळ्या कमानीच्या आत काय आहे हे तिला म्हातारपणापर्यंत ठाऊक नव्हतं.

पंच्याऐंशी साली गाडी बंद झाली. साहेब आले, रूळ मोजून गेले, पुढे रूळही गेले. प्राक्सेदेसकडून चार्ज घ्यायला मात्र कुणी आलं नाही. तिनं आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर, आणि मग ठरवून टाकलं की आपण कामावर आहोत. एक बरा माणूस लग्नाला तयार होता, पण ते घर सोड म्हणाला. तिनं माणूस सोडला. वीस वर्षं त्या वाटेवर नुसती काटेरी झुडपं वाढली आणि गाव तिची चेष्टा करत राहिलं.

"काय फाटकवाली, आज गाडी लेट का?" बाजारात कुणीतरी हटकून विचारायचं.

"तुझ्या अकलेइतकी," ती म्हणायची. "येईल कधीतरी."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत.

मग एक दिवस खरोखरच रोलर आला. रुळांच्या जागी सपाट वाट झाली, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. इंजिनाच्या गाड्यांना बंदी, दोन्ही टोकांना लोखंडी खांब आणि खांबांना कुलपं. मागे पिशव्या बांधलेले सायकलवाले कुठून कुठून येऊ लागले, एका किल्ल्यापासून दुसऱ्या किल्ल्यापर्यंत, जुन्या मुस्लिम राजांच्या बुरुजांखालून, रोमनांच्या पुलावरून. पलीकडचं पडकं स्टेशन ओबदुलिया नावाच्या बाईनं घेतलं आणि तिथं कॉफी-वाइनचं दुकान थाटलं. पहिल्याच रविवारी तिनं फोन केला.

"मावशी, चार सुटले."

प्राक्सेदेसनं निळी वही काढली. वीस वर्षांपूर्वीच्या शेवटच्या ओळीखाली, एकही ओळ न सोडता लिहिलं: आत चार. थोड्या वेळानं लिहिलं: बाहेर चार. त्या दिवशी तिनं दारातली अंजिरं येईल त्याला फुकट वाटली.

आता एबेलिओ ओर्तुन्योची गोष्ट. टेकडीच्या अलीकडचे सगळे ऑलिव्ह त्याचे. तोडलेली फळं त्याच दिवशी घाण्यावर गेली तर तेल चांगलं उतरतं. घाणा टेकडीपलीकडे, रस्त्यानं वळसा अकरा किलोमीटरचा, बोगद्यातून तीनच. या हंगामात सरपंचानं त्याला खांबाच्या कुलपाची किल्ली दिली. "वीसच दिवस," सरपंच म्हणाला. बोगदा सातशे पावलांचा, मधे वाकडा, आणि त्याच्या ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली आत शिरली की दोन्ही भिंतींना जेमतेम हातभर जागा.

गेल्या गुरुवारी एक म्हातारं परदेशी जोडपं आत होतं आणि ट्रॉली शिरली. भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभं राहिलं म्हणून वाचलं. बाईची सायकल चाकाखाली गेली. बाहेर आल्यावर प्राक्सेदेसनं दिलेली तेल लावलेली पोळी तिच्या हातात तशीच राहिली. प्राक्सेदेस त्याच संध्याकाळी सरपंचाकडे गेली. 

"मेलं असतं ना कुणी," ती म्हणाली.

"मेलं तर नाही ना मावशी," सरपंच म्हणाला.

हे ऐकून ती जी संतापली ती रविवारपर्यंत संतापलेलीच होती. रविवारी सकाळी तिनं माळ्यावरून साखळी काढली, गंज पुसला, तेल लावलं आणि बोगद्याच्या तोंडावर आडवी बांधली.

दहाच्या सुमारास पहिली ट्रॉली येऊन थांबली. ट्रॅक्टरवर हेनारो होता, एबेलिओचा जुना गडी. त्यानं साखळी पाहिली, झेंडा पाहिला आणि निमूट इंजिन बंद केलं.

"मी काही बोलत नाही," हेनारो म्हणाला. "मालकाला फोन करतो. तू आणि तो बघून घ्या."

एबेलिओ जीप घेऊन आला. बावन्न वर्षांचा माणूस, पण प्राक्सेदेससमोर आला की त्याचा हात आपोआप मानेकडे जायचा. सात वर्षांचा असताना तो कुत्र्यामागे साखळीखालून घुसला होता. तिनं मानगूट धरून त्याला गाडीसमोरून ओढलं, आणि वर बापादेखत एक थोबाडीतही दिली. गाव ती गोष्ट अजून सांगतं.

"मावशी, साखळी काढ."

"आत सहाजण आहेत. ओबदुलियाचा फोन आलाय."

"येतील बाहेर. मग काढ."

"मग पुढचे सुटतील. रविवार आहे."

"तुला इथं नेमलंय कुणी?" त्याचा आवाज चढला. "रेल्वे गेली, रूळ गेले. तू कोण?"

"नेमलं ते सोड. मला सोडवलंय कुणी ते सांग. माझा चार्ज कुणी घेतलेला नाही. हा झेंडा माझ्या हातातून कुणाच्या तरी हातात जाईपर्यंत हे फाटक माझं."

एबेलिओला हसू आलं. "एवढंच ना? मग आण इकडे. मी सोडवतो तुला."

हेनारोनं मान खाली घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं.

प्राक्सेदेस वळली. मग घरात गेली आणि वही घेऊन आली. सहाजण बाहेर पडले, ते लिहिलं. खाली यादी लिहिली: झेंडा एक, शिंग एक, साखळी एक, फोन एक. पुढे वाचून दाखवलं, "आतल्या जिवाची जबाबदारी चार्ज घेणाऱ्याची. कर सही."

त्यानं ऐटीत सही केली. तिनं झेंडा त्याच्या हातात दिला, कमरेचं फडकं सोडून खुंटीला लावलं आणि अंजिराला टेकवलेली सायकल काढली. पन्नाशीत शिकली होती ती सायकल. रोज उजाडताना गावात पाव आणायला जायची, तेवढीच.

"कुठं निघालीस?"

"सुटीवर. चाळीस वर्षांची साठलीय."

आणि साखळी वर करून तिच्याखालून ती बोगद्यात शिरली.

आत पहिल्यांदा थंडी लागली, मग अंधार. दिवा नव्हता तिच्याकडे. वळणाआधी पाठीमागून थोडा उजेड होता, वळणावर तोही गेला. भिंतीवरून पाणी ठिबकत होतं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात मागे ट्रॅक्टर सुरू झाला. बोगद्यात तो आवाज सगळीकडून आला. तिचे पाय थांबले. कोनाडे कुठं आहेत हे तिला माहीत नव्हतं. आयुष्य बाहेर उभं राहण्यात गेलेलं. परत फिरावं असं मनात आलं. परत फिरले तर हा बोगदा कायमचा त्याचा, ती स्वतःशी म्हणाली, आणि पायडल मारला. मागच्या आवाजाकडे तिनं कान दिला नाही असं नाही. पण वळून पाहिलं नाही.

आवाज वाढला. मग शिंग वाजलं. तिचंच शिंग, फुटका सूर ओळखीचा. आणि ट्रॅक्टर बंद झाला.

बाहेरच्या उन्हात ती आली तेव्हा तिचं तोंड घामानं निथळत होतं. ओबदुलिया दारातच उभी होती.

"मावशी, फोन त्यानं उचलला. मी म्हटलं, तिघं सुटलेत, एकीच्या मागे तान्हं बाळ बांधलंय.  मग विचारतो, मावशी पोचली का? म्हटलं, कोण मावशी? तर फोन टाकून ओरडतच पळाला."

वाटेत तिला ते तिघं भेटलेही असतील; अंधारात घंटी वाजली होती खरी. प्राक्सेदेस खुर्चीत बसली. "कॉफी दे. त्यात बडीशेपेची दारू घाल. आणि मिगास असेल तर ताट भरून दे. सुटीवर आहे मी."

तो लसणीत परतलेला पावाचा चुरा तिनं सावकाश खाल्ला. किल्ल्याकडे जाणाऱ्यांना उगाच रस्ता सांगितला. दर थोड्या वेळानं ओबदुलिया फोन करायची, "दोन सुटले," "पाच सुटले," आणि पलीकडून दर वेळी उत्तर यायचं, "लिहिलं." तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "जरा दिवे लावून पाठवत जा त्यांना." दोघी पोट धरून हसल्या.

ऊन कलल्यावर ती निघाली. "एक सुटली," ओबदुलियानं फोनवर सांगितलं. "म्हातारी आहे. या वेळी माझा दिवा दिलाय."

ती बाहेर पडली तेव्हा एबेलिओ झेंडा गुंडाळून उभा होता. ट्रॉली नव्हती. सकाळीच त्यानं हेनारोला रस्त्यानं धाडलं होतं, आणि नंतरच्या चारही ट्रॉल्या त्याच वाटेनं गेल्या होत्या. नाक उन्हानं लाल झालेलं, सकाळपासून पोटात काही नाही.

"एक्केचाळीस आत," तो म्हणाला. "एक्केचाळीस बाहेर. तुला धरून."

तिनं ओळी तपासल्या. अक्षर गिचमिड होतं, पण हिशेब चोख होता. मग चार्ज परत घ्यायला बसली: झेंडा, शिंग, साखळी, फोन. एकेक वस्तू टेबलावर आली.

"कर सही," तिनं वही पुढे केली.

त्यानं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मग खिशातून जुडगा काढला, त्यातली खांबाची किल्ली नखानं ओढून सोडवली आणि झेंड्याशेजारी ठेवली.

"ही यादीत नव्हती," प्राक्सेदेस म्हणाली.

"मग लिही की," एबेलिओ म्हणाला आणि मान चोळत उभा राहिला.

तिनं फोनच्या खाली लिहिलं: किल्ली एक. मगच त्याला सही करू दिली.